रिटर्न गिफ्टमधला झाडू

हॉलमध्ये पोरं आपापल्या पिशव्या उघडत होती. मी ज्यांच्याकडे कामाला होते, त्या ताईंच्या मुलाचा वाढदिवस. मी सकाळपासून त्यांच्या स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते, आणि माझ्या दुसरीतल्या पोरीला ताईंनीच आग्रहाने बोलावलं होतं. प्रत्येक पिशवीतून किड्यामुंग्यांच्या चित्रांचं पुस्तक निघालं आणि एक भिंग. खरं, काचेचं. पोरं ते एकमेकांच्या नाकाला लावून बघत होती.

माझ्या पोरीच्या पिशवीतून प्लास्टिकची कढई निघाली. मग झारा. मग छोटासा झाडू आणि सुपली.

ती पिशवीत हात घालून अजून शोधत राहिली. आत काहीच नव्हतं.

सोफ्यावरच्या एक बाई म्हणाल्या, आता ही आईला मदत करेल. सगळ्या हसल्या. ताईंनी मला बाजूला घेऊन समजावलं, अगदी प्रेमाने. ते प्रेमच जास्त झोंबलं.

"अगं, मुद्दाम वेगळं आणलं तिच्यासाठी. पुस्तकाचं काय करणार ती? हे कसं, कामात येईल."

म्हणजे चूक झाली नव्हती. पुस्तकं कमी पडली नव्हती. एक शिकलेली बाई दुकानात उभी राहिली होती आणि विचार करून तिने माझ्या पोरीच्या हातासाठी झाडू निवडला होता.

मला पारशिवनीची माझी शाळा आठवली. तिथे पुस्तकांचं कपाट होतं. शनिवारी गुरुजी पुढच्या रांगेतल्या मुलांना पुस्तकं वाटायचे आणि आम्हा मजुरांच्या पोरींना फडकं द्यायचे. कपाट पुसायला. काच मी लख्ख ठेवली, आतलं एक पान वाचलं नाही. तेव्हा वाटायचं, गुरुजींनी आपल्यालाच काम सांगितलं, केवढा मान. डोंबलाचा मान!

पोरगी जवळ आली. हळूच म्हणाली, "आई, मले काहून पुस्तक नाही?"

मी पदराला हात पुसले. ती सगळी भांडी, तो झाडू, सुपली पुन्हा पिशवीत भरली आणि पिशवी ताईंच्या हातात दिली.

"ताई, माही पोरगी वाचते. हे तुमच्याच घरी राहू द्या."

आवाज कापत होता. कापू दे. शब्द तर पूर्ण निघाले.

एवढ्याशा गोष्टीचं इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं, असं ताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी फोन आला, कामावर येऊ नकोस. शेजारच्या काकूने मलाच बोल लावला.

"धरमाच्या गाईचे दात पाहू नये वं."

मी म्हटलं, "मले धरमाची गाय पायजेच नाही."

रविवारी पोरीला घेऊन बर्डीच्या बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानात गेले. दुकानदाराने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारताच रंगवायचं पुस्तक पुढे सरकवलं. मी ते परत सरकवलं. पोरगी निवडेल, म्हणाले. ती खाली फरशीवर बसली, पुस्तकांचा पसारा मांडला आणि शेवटी सापांचं एक जाडजूड पुस्तक छातीशी धरलं. अक्षर बारीक. जड जाईल गं तुला, हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. जड जातं की नाही, ते तिचं तिला पाहू दे. घरी ती 'बिनविषारी'पाशी अडली, चिडली, पुस्तक आपटलं. मग स्वतःच उचललं.

आता मी दुसऱ्या घरी काम करते. दिवाळीच्या साफसफाईत तिथल्या बाईंनीही एक पोतं पुढे केलं. अर्धवट रंगवलेली पुस्तकं, तुकडे हरवलेली कोडी, चाकं नसलेल्या गाड्या. तुमच्या पोरांना चालेल, म्हणाल्या. मी सांगितलं, चालणार नाही, रद्दीवाल्याला द्या. त्यांचं तोंड आंबट झालं.

हेही काम जाईल तर जावो. नागपुरात चुली काही कमी नाहीत. पण माझ्या पोरीने काय वाचायचं आणि कशाशी खेळायचं, ते दुसरं कुणी ठरवणार नाही. बंगल्यातली बाई नाही. गुरुजी नाही. मीसुद्धा नाही.