जैनोचा इंटरव्ह्यू आणि आमच्या बाकीच्या बावीस जणी

उष्टी ताटं आणि किस्से, आमच्या होस्टेलात दोन्हींचा ढीग जेवणानंतरच लागतो. ताटं मी घासून टाकते, किस्से मात्र तसेच पडून राहतात. घरी सांगायला बसले तर नवरा पहिल्याच किश्श्यात घोरायला लागतो. म्हणून म्हटलं, लिहूनच काढू!

आमचं होस्टेल शहराला लागून असलेल्या वाडीत, ट्रकांच्या गोडाऊनमागे. बारावी झालेल्या, पुढे कुठे ना कुठे लागायचं म्हणून आलेल्या तेवीस आदिवासी पोरी, त्यांना फॉर्म-परीक्षांचं सांगणाऱ्या एक मॅडम, आणि स्वयंपाकाला मी, पोरींची वहिनी. माझी स्वतःची शाळा सातवीपर्यंत. माझी तीन वर्षांची परी दिवसभर पोरींच्या कडेवर. मॅडम पोरींना मार्गाला लावतात, मी भात लावते. पण काळजी मीच जास्त करते. परी नुसती शिंकली तरी मी डॉक्टरचा नंबर शोधते, असा माझा स्वभाव!

यंदा सगळी काळजी जैनोची. भामरागडकडची पोरगी, बारावी सायन्स. रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात लॅबचं ट्रेनिंग असतं, त्यात आदिवासी मुलीसाठी एक जागा. एकच! आणि त्यासाठी इंटरव्ह्यू. जैनोच्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. गावातून रक्त तपासायला न्यायचं तर एक दिवस जायला, एक यायला, आणि रिपोर्टसाठी पुन्हा तीच चक्कर. "मला हेच शिकायचं आहे," असं जैनोने मॅडमला सांगितलं होतं. म्हणजे कागदावर लिहून दिलं होतं! कारण अनोळखी माणसासमोर जैनोच्या तोंडातून शब्द निघत नाही. आणि बाकीच्या कॉलेजांच्या तारखा तर निघून गेलेल्या.

*

जैनो जेवढी मुकी, फुलमती तेवढी बोलकी. फॉर्म भरायचे दिवस होते. वडिलांचा व्यवसाय लिहायला एवढासा चौकोन. फुलमतीने त्यात मोह वेचणे, तेंदूपत्ता तोडणे, धानाची रोवणी, बांबू तोडणे, सगळं मुंगीएवढ्या अक्षरात कोंबलं.

मॅडम म्हणाल्या, "अवं, एकच लिहायचं असते!"

फुलमती पेन उचलून म्हणते, "मग कोणत्या महिन्यातलं लिहू, मॅडम?"

*

एकदा एक टायवाले सर आले होते, पोरींना जोश द्यायला. लॅपटॉप, पडदा, सगळं घेऊन. तासभर एकच सांगत होते, "कम्फर्ट झोनच्या बाहेर पडा! घराच्या बाहेर पडा! जग मोठं आहे!"

शेवटी म्हणाले, "कोणाला काही शंका?"

फुलमती उभी. "सर, मी घरून निघाली तेव्हा नदीला पूर होता. दोन दिवस अलीकडच्या काठावरच थांबली. मग डोंग्यातून आली, मग जीपमधून, मग दोन बस बदलल्या. आणखी किती बाहेर पडू?"

सरांनी लॅपटॉप बंद केला. जेवायला थांबले मात्र. तीन वेळा वरण घेतलं!

*

मॅडमनी पहिल्या महिन्यात विचारलं, कोणाला काय व्हायचं? तेवीसपैकी बावीस जणी म्हणाल्या, नर्स. (तेविसावी जैनो. ती बोललीच नाही.)

"सगळ्याच नर्स काहून वं?"

"मॅडम, गावात पगारवाली बाई तेवढीच पाहिली!"

मग मॅडमनी ठरवलं, यांना शहर दाखवायचं. एक दिवस बँक, पोस्ट, छापखाना, सगळं फिरवून आणलं. येताना मेट्रोत बसवलं. संध्याकाळी पोरी धावतच स्वयंपाकघरात शिरल्या. "वहिनी! गाडी बाई चालवत होती! बाई!"

मलाही एवढा आनंद झाला की पोळी तव्यावर करपली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पुन्हा विचारलं, आता सांगा, काय व्हायचं? बावीस जणी एका सुरात, "मेट्रो चालवायची!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अवं बयांनो, तेवढ्या तर गाड्या पण नाहीत!"

*

इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस कोणापुढे घ्यायची, यावर मॅडमनी शोध लावला, "तुम्हीच बसा खुर्चीवर. पोरी सगळ्यात जास्त तुम्हालेच भेतात."

मी? सातवी पास? पण बसले! धुतलेली साडी नेसून, हातात मॅडमनी लिहून दिलेले प्रश्न.

पहिली आली. मी विचारलं, "तुमच्यातला एक दोष सांगा."

ती खाली मान घालून म्हणाली, "वहिनी, परवा डब्यातला गूळ मीच खाल्ला."

दुसरी आली. "लोणच्याची बरणी माझ्या हातून फुटली, वहिनी. मांजरीचं नाव मी सांगितलं."

सगळ्यांचे इंटरव्ह्यू होईपर्यंत माझ्या स्वयंपाकघरातल्या सहा महिन्यांच्या सगळ्या चोऱ्या उघड झाल्या! त्या मांजरीला मी उगाच हाकललं होतं. दुसऱ्या दिवशी तिला दूध दिलं.

सगळ्यात शेवटी जैनो. मी नाव विचारलं, गप्प. गाव विचारलं, गप्प. "लॅबमध्ये काहून जायचं?" गप्प. खऱ्या साहेबांपुढे हिचं काय होणार!

पाच मिनिटांनी तिने तोंड उघडलं. मी आशेने पुढे वाकले.

"वहिनी, दूध उतू चाललं."

अख्ख्या इंटरव्ह्यूत एकच वाक्य बोलली. तेही बरोबर होतं!

*

इंटरव्ह्यूच्या आठवड्यात जैनोचे वडील आले. खांद्यावर चारोळ्यांची पिशवी. मॅडमना "जोहार" करून मांडी घालून बसले. मॅडमनी सगळं समजावलं, दोन वर्षांचं ट्रेनिंग, मग लॅबमध्ये नोकरी, पोरगी रक्त तपासेल.

त्यांनी सगळं ऐकलं. पिशवी जवळ ओढली. मला वाटलं, झालं, आता हे हिला घरी घेऊन जाणार.

मग त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि जैनोपुढे हात धरला. "पहिलं माझंच काढ. शिकताना चुकलीस तर मी ओरडणार नाही."

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी चहाचं निमित्त करून आत पळाले.

*

आणि तो दिवस. नेमका त्याच दिवशी मॅडमना ताप! जैनोला घेऊन जायचं कोणी? मी. परीला ठेवायचं कोणाजवळ? कोणाजवळच नाही, बाकीच्या पोरी परीक्षेला गेलेल्या. तर परी कडेवर, जैनोचे कागद पिशवीत, आणि वाडीहून बसमध्ये मी दर स्टॉपला पिशवी उघडून बघते, कागद आहेत ना!

हॉस्पिटलात बाकावर आणखी सहा पोरी, वेगवेगळ्या होस्टेलांतून आलेल्या. कोणी पाठ करत होती, कोणी नखं खात होती. एक खिडकीजवळ एकटी, मेळघाटातली कोरकू पोरगी. सगळ्यात आधी जैनोलाच आत बोलावलं.

पाच मिनिटांत दार उघडलं आणि जैनो बाहेर!

"काय झालं वं? संपलं?"

"नाही. थांबा."

आणि मग तिने जे केलं! जी पोरगी मला नाव सांगत नव्हती, ती त्या बाकावरच्या पहिल्या पोरीजवळ जाऊन बसली आणि हळूच काहीतरी विचारायला लागली. मग दुसरीजवळ. मग तिसरीजवळ. खिडकीजवळच्या पोरीजवळ तर बराच वेळ. मी परीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. मनात म्हटलं, गेली जागा. आतून हाकलली हिला, आणि ही इथे गप्पा मारून राहिली!

सगळ्या झाल्यावर ती उठली, दार ढकललं आणि पुन्हा आत गेली. न विचारता!

आत काय झालं ते मला जॉइनिंगच्या दिवशी कळलं. जैनोच्या हातात पांढरा कोट देणाऱ्या डॉक्टर मॅडमनीच सांगितलं, हसत हसत.

मोठ्या सरांनी विचारलं होतं, "बाहेर सहा मुली बसल्या आहेत. त्यांना सोडून तुलाच का घ्यायचं?"

जैनोने दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्यांना विचारल्याशिवाय कसं सांगू, सर? आमच्या गावात सगळ्यांना विचारूनच ठरवतात. विचारून येते."

आणि उठलीच!

परत आली ती खुर्चीवर बसली आणि बोटं मोजत सांगायला लागली. "दोघींचं नर्सिंगला नाव लागलं. दोघींना पोलीस भरतीत जायचं. एकीला मामाने जबरदस्ती पाठवलं, तिला रक्त पाहून चक्कर येते. राहिलो आम्ही दोघी. मी आणि ती खिडकीजवळची. तिला पण हेच पाहिजे. तिच्या गावात पण लॅब नाही."

सर म्हणाले, "पण जागा तर एकच आहे. मग आता?"

जैनो म्हणाली, "ती जागा मला द्या, सर. आमचं बाहेर ठरलं. तिच्यासाठी दुसरी कुठून आणायची, ते तुम्ही सगळे बसून ठरवा. मी थांबते."