सावंतकाका सव्वासहाला मेले त्याची गोष्ट

माझ्या मूर्खपणाचे किस्से तसे बरेच आहेत, बायकोला तर यादीच पाठ आहे. पण झेंड्याखाली उभं राहून, हातात माईक घेऊन, अख्ख्या सोसायटीसमोर केलेला मूर्खपणा एकच. चहा घ्या, सांगतो. हसलात तरी चालेल, मला आता सवय झालीय.

मी आमच्या नाहूरच्या सोसायटीचा सेक्रेटरी. दर सव्वीस जानेवारीला माझं भाषण असतं आणि दर वर्षी दुसऱ्याच मिनिटाला पोरं बटाटेवड्यांच्या टोपाकडे सरकायला लागतात. हल्ली मोठी माणसंही सरकतात.

आमच्या वर चौथ्या मजल्यावर सावंतकाका राहायचे. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, मूळचे मालवणकडचे, आणि बोलायला महाकंजूष. झेंडावंदनाला कडक इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या रांगेत उभे राहायचे आणि वडा खाऊन घरी जायचे. त्या जानेवारीत कळलं, काका-काकू कायमचे गावाला चाललेत, अठ्ठावीसला. मला एकदम वाईट वाटलं हो. एक फौजी वीस वर्षं आपल्या डोक्यावर राहिला आणि आपण त्याच्याशी बोललो कशाबद्दल? तर पाण्याच्या टाकीबद्दल! म्हटलं, जाण्याआधी ह्या माणसाचा सत्कार झालाच पाहिजे, आणि तोही असा की त्यांना आयुष्यभर आठवेल.

आता सत्कार म्हटला की पराक्रम हवा ना? तो आपल्या पायांनी घरी आला. आवराआवरी करताना काकांनी जुन्या कागदांचा एक गठ्ठा माझ्या हातात दिला. तुला कागदांची हौस आहे, बघून घे, एवढंच म्हणाले. गठ्ठ्यात रायफल साफ करायचे नियम होते, बूट कसे चमकवावेत ते होतं, आणि मधोमध टाइप केलेली, कडा पिवळ्या पडलेली चार इंग्रजी पानं.

वाचत गेलो आणि अंगावर काटा आला. निळ्या देशावर लाल देशाने हल्ला केलाय. पूल उडवलाय. पहाटे कंपनीने नदी ओलांडून टेकडी घ्यायची आहे. आणि तिसऱ्या पानावर, मराठीत सांगायचं तर, असं वाक्य: ‘नायक सावंत शिकवण डावलून टेकडीच्या माथ्यावर ताठ उभे राहिले. सकाळी सव्वासहा वाजता मृत.’ काका तेव्हा नायक होते, सुभेदार बरेच नंतर झाले.

मी बायकोला हाक मारून वाचून दाखवलं. ती पार्ल्याची. तिला कुठलीही गोष्ट दोन-तीन प्रश्न विचारल्याशिवाय पटत नाही. निळा देश कुठे आला, म्हणाली. म्हटलं, अगं, फौजेचे कागद आहेत, खरी नावं कोण लिहील? मग म्हणाली, सालही नाहीये ह्यात. म्हटलं, म्हणजे बघ, किती गुप्त!

“अहो, पण ते मेले, तर काल माझ्याकडून कढीपत्ता कोण घेऊन गेलं?”

इथे मी जरा अडकलो. पण माझं डोकं म्हणजे काय विचारता? लगेच चाललं. मेले समजून सोबत्यांनी मागे सोडलं असणार, आणि हा पठ्ठ्या उठून परत आला असणार! हिचं म्हणणं, एकदा काकांनाच विचारा. पण विचारलं तर सरप्राइज काय राहिलं? तरी आपली खात्री असावी म्हणून मी लिफ्टमध्ये आडून विषय काढला. म्हटलं, काका, त्या टेकडीवर फार सोसलंत ना तुम्ही?

काका म्हणाले, “मुंगळ्यांनी फोडून खाल्ल्यानी रे माका.”

चौथा मजला आला, गेले. आता सांगा, शत्रूला मुंगळे म्हणायला केवढी छाती लागते! माझा आदर तिथल्या तिथे दुप्पट झाला. त्याच दिवशी मी दहा फुटी फ्लेक्स छापायला टाकला. वर काकांचा फोटो, खाली ‘मृत्यूला हरवून परतलेला वीर’.

सव्वीसची सकाळ. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, मी माईक घेतला. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी पेटलो होतो. नदी ओलांडली, गोळ्या झाडल्या, धूर काढला. पोरं हलेनात. वड्यांच्या टोपाचं झाकणही कोणी उचललं नाही. ‘सव्वासहा वाजता’ म्हटल्यावर जोशीकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी फ्लेक्सवरची चादर खेचली आणि काकांना पुढे बोलावलं.

काका सावकाश आले. फ्लेक्स पूर्ण वाचला. माझ्या हातातली पानं घेऊन चाळली. मग माईक न घेताच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अरे खुळ्या, ती लढाय न्हय. सराव होतो तो.”

वाट लागली! मला फ्लेक्समागे शिरावंसं वाटत होतं. पण वीस वर्षं न बोललेला माणूस त्या दिवशी बोलायला लागला. सरावासाठी कागदावर खोटं युद्ध रचतात म्हणाले, निळा देश आणि लाल देश, दोन्हींकडून आपलेच लोक. दंडाला पांढरी पट्टी बांधलेले अंपायर मध्ये फिरत असतात. अंपायर म्हणाला मेलास, की मेलास. काकांना टेकडीवर आडवं पडून राहायचं होतं, माथ्यावर उभं राहायचं नाही, लांबून दिसतं, ही पहिली शिकवण. पण पडले ते नेमके मुंगळ्यांच्या वारुळावर. मुंगळे पँटमध्ये शिरले आणि काका ताडकन उभे राहिले, माथ्यावर. अंपायरने घड्याळ बघितलं आणि मेलास म्हणून सांगितलं. तो कागद मग कितीतरी वर्षं नव्या पोरांना वाचून दाखवत, सावंतसारखं करू नका म्हणून!

सोसायटी हसून हसून खाली बसली. जोशीकाकू त्याच पदराने आता हसण्याचं पाणी पुसत होत्या. एका पोराने विचारलं, मेल्यावर तुम्ही काय केलंत? काका म्हणाले, “झाडाखाली बसून चहा-पुरी. मेलेल्यांका आधी मिळता.”

मी हळूच विचारलं, मग काका, हा कागद इतकी वर्षं का ठेवलात? काकांनी पानांची घडी घातली. एवढ्या नोकरीत माझं नाव टाइप केलेला गोष्टीचा कागद हा एकच, म्हणाले. आणि मला गलबलून आलं बघा, तेवढ्या फजितीतही. मी सॉरी म्हणायला गेलो, तर काकांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, दंडाला गुंडाळला आणि घड्याळ बघितलं.

“आठ वाजून पन्नास मिनिटां. सेक्रेटरी माथ्यावर उभो रवलो. मेलो. जा, वडो खा.”

पहिला वडा मला मिळाला. पोरं मात्र काकांभोवती अकरापर्यंत होती, आणि काका सांगत होते. अठ्ठावीसला जाताना तो फ्लेक्सही घडी करून घेऊन गेले. पावसाळ्यात काकूंचा फोन आला होता, लाकडांवर छान बसलाय म्हणाल्या, एक थेंब आत जात नाही.

पंधरा ऑगस्टला मी परत माईक हातात घेतला. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ एवढंच म्हटलं असेल, तर पुढच्या रांगेतून एक पांढरा रुमाल वर आला. कोणाचा म्हणता? आमच्या हिचा. आणि वर घड्याळात बघून वेळसुद्धा सांगितलीन.