पासष्टच्या गटात

कबड्डीत चढाई करणाऱ्याचं शरीर पंचविशी-सव्विशीत ऐन भरात असतं, असं बायकोने मोबाईलवर वाचून दाखवलं. मी सदतीस वर्षांचा. पंचविशीत मी धुळ्याला तेलाच्या मिलमध्ये पाळ्या करत होतो, मैदानाचं तोंडही पाहत नव्हतो. माझी ती वर्षं कोणी पाहिली नाहीत, मीसुद्धा नाही. म्हणून पाचोऱ्याजवळच्या एका गावात सामने लागले तेव्हा शाळेनंतर पहिल्यांदाच नाव दिलं. अंगात काही उरलंय का, एवढंच मला बघायचं होतं.

आमच्याकडे सामने वजनी गटात होतात. माझा गट पासष्ट किलोचा, आणि आदल्या दिवशी मी अर्धा किलो जास्त. जेवण सोडलं, स्वेटर घालून उन्हात पळालो. तरी काटा हलेना. मग संघातल्या एकाचं ऐकून न्हाव्याकडे गेलो आणि टक्कल केलं. केसांचं वजन ते किती, पण अडला हरी गाढवाचे पाय धरी.

घरी येईपर्यंत तिघांनी गाठून हळहळत विचारलं, "आबा कव्हय गयात?" आबा म्हणजे माझे वडील. ते ओट्यावर चहा पीत बसले होते. माझं डोकं बघून म्हणाले, "मी जित्ता शे ना रे?" बायको तर भडकलीच. बाप जिवंत असताना डोकं भादरणारा मीच पहिला, असं तिचं म्हणणं.

सकाळी वजनात कसाबसा बसलो. पहिल्या डावात दोन चढायांत तीन गडी टिपून परत आलो. धाप लागली होती, गुडघा ठणकत होता, पण इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मध्यंतरात समोरच्या संघातला एक पोरगा पाण्याची बाटली घेऊन आला. विशीतला, मांड्या भरलेल्या. हळू आवाजात म्हणाला, "काका, तुमना बाप गया ना, म्हनीसन आम्ही जोरमा धरं नही."

मला राग आला, पण त्याच्यावर काढावा असं त्याने काही केलं नव्हतं.

"मना बाप जित्ता शे," मी म्हणालो. "वजनसाठे टक्कल कयं."

तो आधी हसला, मग म्हणाला, "बरं."

दुसऱ्या डावात माझ्या पहिल्याच चढाईला त्याने मांडीला मिठी मारली. मध्यरेषा हातभर लांब होती. होता नव्हता तेवढा सगळा जोर मी लावला. त्याला दुसऱ्या कुणाची मदत घ्यावी लागली नाही.