फाल्कनच्या आतले सलीमभाई

कुवेतमध्ये, आमच्या अबू हलीफात खिडक्या कितीही घट्ट लावा, धूळ आत येतेच. शेजाऱ्यांच्या गोष्टींचंही तसंच आहे. मी मुद्दाम गोळा करत नाही हो! पण समोरचं दार उघडलं की ऐकू येतं, त्याला मी काय करू? आता समोरचा फ्लॅट रिकामा आहे, म्हणून सांगते.

तिथे सलीमभाई राहायचे, दापोलीकडचे. एका कॉलेजात खेळाच्या सामानाचं स्टोअर सांभाळायचे. मुलगी झोया त्याच कॉलेजात शिकायची. बायको गावाला, आजारी सासूपाशी.

*

एकदा गच्चीवर सांडगे घालायला गेले, तर दोरीवर दोन पिवळे पाय वाळत होते. पंजे परातीएवढे! शेजारी सलीमभाई राखण करत बसलेले.

"कुणाचे पाय हो?"

त्यांनी एक पंजा उलटा करून वाळत घातला. मग म्हणाले, "माझेच, वहिनी."

कॉलेजच्या टीमची खूण म्हणजे फाल्कन, ससाणा. मॅचला कुणीतरी त्याचा पोशाख घालून नाचायचं. आधीचा पोरगा उकाड्याला कंटाळून पळाला, तेव्हा कोच म्हणाले, "सलीम, तू घाल." पन्नाशी उलटलेला माणूस!

"सरळ नाही म्हणायचं ना!"

"नोकरी गेली की इकामा गेला, वहिनी. इकामा गेला की इथला मुक्काम संपला. मग झोयाचं शिक्षण?" मग आवाज उतरला. "तिला तेवढं कळू देऊ नका. अब्बा कॉलेजच्या ऑफिसात आहेत, असं तिने मैत्रिणींना सांगितलंय."

मी शपथ घेतली. माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक, तरी घेतली!

*

त्या पोशाखाच्या आत एक जाकीट असायचं, खिशाखिशांचं. त्यात गोठवलेले बर्फाचे पाऊच ठेवायचे, नाहीतर माणूस आत शिजायचाच. स्वतःच्या फ्रीजरमध्ये ठेवले तर झोया विचारणार. म्हणून ते माझ्याकडे, फहाहीलहून आणलेल्या सुरमईच्या शेजारी.

एका मॅचला मी घाईत पिशवी भरून दिली. रात्रीचं जेवण करायला फ्रीजर उघडला, तर सुरमई गायब आणि पाऊच जागच्या जागी!

सलीमभाई परतले ते पिवळाधमक बनियन घेऊनच.

"वहिनी," शांतपणे म्हणाले, "हळद-मीठ लावूनच ठेवली होती वाटतं."

*

मग बीपी वाढलं. आमच्या ह्यांनी त्यांना बळेच क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काम कसलं? बसून की उभ्याने?"

सलीमभाई म्हणाले, "पंख हलवून."

डॉक्टर हसले. पण तपासणी झाल्यावर हसले नाहीत. विश्रांती लिहून दिली. सलीमभाईंनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी मॅचला गेले.

*

झोया एकदा धावत आमच्याकडे आली. मोबाईलवर फाल्कनबरोबर फोटो.

"आंटी, सो क्यूट ना? काय वेड्यासारखा नाचतो! अब्बांना एकदा दाखवायला पाहिजे. ते कधी हसतच नाहीत."

मी म्हटलं, "चहा घेतेस?" दुसरं काय बोलणार!

*

सासूबाई गेल्या, म्हणजे सलीमभाईंची आई. फोन आला तेव्हा ते अर्धे पोशाखात होते. पाचच मिनिटांत मॅच सुरू होणार होती. कुणाला सांगणार आणि काय?

ते मैदानात गेले. आतल्या आत हमसून रडले. बाहेर सगळा फाल्कन थरथरत होता, आणि पोरं शिट्ट्या मारत होती.

मॅचनंतर कोच म्हणाले, "सलीम, आजच्यासारखा कधी नाचला नाहीस!"

हे मला सांगताना त्यांचे डोळे कोरडेच होते. एवढंच म्हणाले, "हात पंखांत अडकलेले असतात, वहिनी. डोळे पुसायला पोचतच नाहीत."

*

फायनलला झोया मलाही घेऊन गेली. मी पहिल्या रांगेत, जीव मुठीत धरून बसलेली.

मध्येच फाल्कनचा पाय घसरला. गुडघ्यावर आपटला तो उठेचना. लोकांना वाटलं गंमत. हशा! समोरच्या टीमची चार पोरं उड्या मारत आली. "काढा रे याचं डोकं! बघू आत कोण आहे!" दोघांनी चोच धरून ओढायलाच सुरुवात केली.

माझ्या मांडीवर धप्पकन पर्स पडली. शेजारची खुर्ची रिकामी!

झोया मैदानात पोचली होती. तिने दोन्ही हातांनी ते डोकं खाली दाबून धरलं. "डोन्ट टच! कुणी हात लावायचा नाही!" असं ओरडली की पोरं मागेच सरली. मग पंखाला धरून तिने त्याला स्टोअरच्या दारापर्यंत नेलं. आत गेली नाही. बाहेरून दार लावलं आणि परत येऊन शेजारी बसली.

"काय गं?" मी पर्स तिच्या हातात देत विचारलं.

"नथिंग, आंटी. रूल आहे. लोकांसमोर डोकं काढायचं नसतं."

घरी आल्यावर शेकायची पिशवी घेऊन मी समोरच्या फ्लॅटमध्ये गेले. सलीमभाई सोफ्यावर, पाय उशीवर. झोया गुडघ्याला मलम चोळत होती.

मला बघताच सलीमभाई घाईघाईने म्हणाले, "ऑफिसात पडलो, वहिनी. जिन्यावरून."

झोयाने मान वर केली नाही.

"हो ना, आंटी. मी सांगितलंय अब्बांना, जिना जरा हळू उतरत जा. माझं लक्ष असतं."