टाळ्यांची नोंद

पोलीस खात्यातल्या नोकरीतल्या बऱ्याच घटना मी विसरलो आहे, काही तर प्रयत्नपूर्वक. ही एक मात्र विसरू म्हणता विसरत नाही. तीत खून नव्हता, दरोडा नव्हता, कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. एक वाक्य होतं, आणि ते कुणाचं हे मला शोधून काढायचं होतं.

मी तेव्हा चेन्नईत, तांबरमच्या बाजूच्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि केस डायरीत इंग्रजी, अशी माझी विभागणी. लिहायची मराठी मी वडिलांच्या कपाटातल्या जुन्या मासिकांवरून शिकलो. ती जरा इस्त्री केल्यासारखी वाटली तर वाचकांनी चालवून घ्यावी.

सकाळची हजेरी संपली आणि सत्ताधारी पक्षाचे वॉर्ड सेक्रेटरी ठाण्यात आले. एकट्यानं यायची त्यांची पद्धत नव्हती; मागे चार मोटारसायकली होत्या. साठीचे गृहस्थ, पांढरा शर्ट, पक्षाच्या रंगाच्या काठाची वेष्टी, म्हणजे आमच्याकडचं धोतर. आख्खा वॉर्ड त्यांना अण्णन म्हणे, म्हणजे थोरले भाऊ. ठाण्यासमोरच्या चौकात त्या दिवसांत त्यांच्या नेत्याच्या स्वागताचा दोन मजली फ्लेक्स होता. नेत्याच्या नावाआधी पाच बिरुदं, आणि खाली कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा अण्णनचा फोटो. तीस वर्षांच्या निष्ठेचं पक्षानं काढलेलं ते माप होतं.

अण्णननी फोन टेबलावर ठेवून एक ध्वनिफीत लावली. अर्ध्या मिनिटाची. स्वच्छ, ठणठणीत तमिळमध्ये एक बाई म्हणत होती, "मिरवणुकीतल्या प्रत्येकाच्या तोंडात नागस्वरम दिलं, तर पुढे खड्डा आहे हे सांगणार कोण?" तिथे फीत तुटत होती.

आधीच्याच आठवड्यात नेत्याची मिरवणूक त्या रस्त्यानं नागस्वरम, म्हणजे आमच्याकडची लांब सनई, वाजवत गेली होती. त्यामुळे हा नेत्याचा अपमान आहे, समाजात तेढ माजवण्याचा प्रयत्न आहे, गुन्हा दाखल करा, असा लेखी अर्ज होता. मोटारसायकलवाल्यांपैकी एकानं पुरवणी जोडली की बाई बाहेरची आहे, आपल्या भाषेची नाही. त्या वॉर्डात पक्ष तीन निवडणुका सलग जिंकला होता, विरोधी पक्षाच्या कचेरीत आता झेरॉक्सचं दुकान होतं. इतक्या भक्कम जागी एका वाक्याची एवढी भीती का वाटावी, हे मी विचारलं नाही. मी अर्जाची पोच दिली.

दुपारपर्यंत सहायक आयुक्तांचा फोन आला. बाई महत्त्वाची नाही, तिच्यामागे कोण आहे ते काढा, असं ते म्हणाले. दरोड्याला कायद्यानं किमान पाच माणसं लागतात. मताला किती लागतात हे कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्या वरिष्ठांच्या समजुतीप्रमाणे त्याहून कमी नसावीत.

बाई सापडायला वेळ लागला नाही. एका वसाहतीच्या वार्षिक कार्यक्रमात पट्टिमन्रम झालं होतं, म्हणजे आमच्याकडचा वादविवाद. सणासुदीला, देवळाच्या उत्सवात, सोसायटीत, कुठेही होतो. दोन बाजू बोलतात, मधला पंच शेवटी निकाल देतो आणि मग सगळे मिळून जेवतात. त्या वर्षीचा विषय होता, नागरिकाच्या हिताचं काय, बळकट सरकार की बळकट विरोधक? ध्वनिफीत तिथलीच होती.

जबाबासाठी स्त्रीला ठाण्यात बोलवायचं नाही असा कायदा आहे. म्हणून महिला हवालदारांना बरोबर घेऊन मी तिच्या घरी गेलो. दारावर मराठी आडनाव होतं. पस्तिशीच्या आसपासची बाई, एका अनुदानित शाळेत गणित शिकवणारी. मी मराठीत नमस्कार केल्यावर ती क्षणभर गोंधळली.

"तुम्ही मराठी?"

"तंजावरचे."

"म्हणजे इथे आमच्यापेक्षा तीनशे वर्षं जुने. बसा."

तिचे वडील रेल्वेत होते, बदली होऊन तांबरमला आले आणि राहिले. तिचा शाळेतला परिवीक्षेचा काळ महिन्याभरात संपणार होता. संस्थेनं तिला बोलावून आधीच सांगून ठेवलं होतं की गुन्हा नोंदला गेला तर कायम केल्याचा आदेश निघणार नाही. हे तिनं तक्रारीच्या सुरात नाही, वर्गात गृहपाठ सांगावा तसं सांगितलं.

विरोधकांची बाजू का घेतलीत, असं मी विचारलं. तिनं सांगितलं की स्टीलच्या टंबलरमधून चिठ्ठ्या काढल्या होत्या. सरकारची चिठ्ठी आली असती तर ती त्या बाजूनं बोलली असती, आणि बक्षीसही घेतलं असतं. (हे मी सहायक आयुक्तांना कळवलं, तेव्हा त्यांनी चिठ्ठ्या कुणी लिहिल्या होत्या असं विचारलं.)

"ते नागस्वरमचं वाक्य तुम्हाला कुणी दिलं?"

"बोलले मी."

"लिहिलं कुणी?"

"बोलले मी, साहेब. तेवढंच लिहा."

माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याचं उत्तर लांबतं. कुणाला तरी पाठीशी घालतो तेव्हा ते आखडतं. तिच्यामागे कुणीतरी होतं, एवढं माझ्या वरिष्ठांचं खरं होतं.

तिसऱ्या दिवशी धागा मिळाला तो माईकवाल्याकडून. हा माणूस त्या भागातल्या सगळ्या सभांना भोंगे पुरवायचा. सगळे पक्ष, लग्नं, देऊळ, चर्च, पट्टिमन्रमसुद्धा. अधूनमधून मला बातमीही पुरवायचा. ठाण्याच्या मागच्या चहाच्या टपरीवर तो हळूच म्हणाला, "सार, ते वाक्य नवं नाही. माझ्या भोंग्यातून ते आधी एकदा गेलंय. लई वर्षं झाली. कोण बोललं ते आठवत नाही, पण माझे भोंगे तेव्हा पितळी होते."

तो हे म्हणाला आणि मलाही ते वाक्य ओळखीचं वाटायला लागलं.

इथे आमच्या खात्याची एक पद्धत सांगायला हवी. जाहीर राजकीय सभा असली की खात्याचा एक माणूस व्यासपीठाच्या बाजूला वही घेऊन बसतो आणि भाषण लघुलिपीत उतरवून घेतो. तरुणपणी कित्येक वर्षं तो माणूस मी होतो. सभेला पाऊस येवो, गर्दी पळो, वक्त्याचे स्वतःचे कार्यकर्ते चहाला जावोत, पोलिसाला शेवटच्या नमस्कारापर्यंत बसावंच लागतं. लोकशाहीत विरोधकाला हक्काचा असा एकच श्रोता असतो, आणि त्याच्या हातात पेन्सिल असते.

टंकलिखित अहवाल मुदत संपली की नष्ट करतात. कच्च्या वह्याही करायला हव्यात. माझ्या मी केल्या नव्हत्या; माझं अक्षर तेव्हा फार सुंदर होतं. घरी ट्रंक उघडली, दोन तास धूळ खाल्ली, आणि ते पान सापडलं. रस्त्यावरच्या खड्ड्यांविरुद्ध निदर्शनाची सभा, श्रोते साधारण साठ. वाक्य तेच. वक्ता त्या वेळच्या विरोधी पक्षाचा एक तरुण कार्यकर्ता. तोच पक्ष पुढे सत्तेवर आला, आणि तो कार्यकर्ता म्हणजे आमचे तक्रारदार, अण्णन.

दुसऱ्या दिवशी मी ती वही घेऊन पुन्हा बाईंच्या घरी गेलो. वक्त्याचं नाव वाचून दाखवल्यावर त्या वही हातात घेऊन खाली बसल्या. मग बोलल्या. बारा वर्षांच्या असताना त्यांच्या तमिळला शाळेतली मुलं हसायची. अण्णन तेव्हा वॉर्डातल्या पोरांच्या वक्तृत्वस्पर्धा भरवायचे. या मुलीला त्यांनी रोज संध्याकाळी पंधरा दिवस उच्चार शिकवले आणि हाताला धरून व्यासपीठावर चढवलं. पहिलं बक्षीस मिळालं, त्या दिवसापासून कुणी हसलं नाही. ती खड्ड्यांची सभा बाईंनी वडिलांच्या खांद्याला धरून ऐकली होती.

"मग तक्रारदाराचंच वाक्य आहे असं सांगितलं का नाहीत? प्रकरण तिथेच मिटलं असतं."

"माझं मिटलं असतं. त्यांचं?" त्या म्हणाल्या. "आता त्यांच्या पक्षात असली वाक्यं चालतात का, काका? जबाबात त्यांचं नाव घालू नका. बोलायला मला त्यांनीच शिकवलं."

साहेबचा काका कधी झाला हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं. नाव घालत नाही, असं मी कबूल केलं. नियमात बसतं की नाही ते मी तपासलं नाही.

अण्णनना मी पुरवणी जबाबासाठी बोलावलं, आणि एकट्यानं या असं मुद्दाम सांगितलं. वही टेबलाच्या खणात होती. ती कशी काढायची, काय बोलायचं, हे मनात ठरवून ठेवलं होतं. पण आधी रीतसर काम. आक्षेपार्ह मजकूर शब्दशः नोंदवावा लागेल, तेव्हा तुम्ही सांगा, मी लिहितो, असं म्हणून मी पेन उघडलं.

ते सावकाश सांगू लागले. "मिरवणुकीतल्या प्रत्येकाच्या तोंडात नागस्वरम दिलं, तर पुढे खड्डा आहे हे सांगणार कोण?" मी लिहिलं. ते थांबले नाहीत. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, आवाज बदलला. "आणि बंधूंनो, त्या खड्ड्यात पहिला पाय जातो तो पालखीत बसलेल्याचा नाही, पालखी वाहणाऱ्याचा."

हे दुसरं वाक्य ध्वनिफितीत नव्हतं. ती आधीच तुटत होती.

अण्णनचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी तो खाली घेऊन वेष्टीच्या काठावर ठेवला. मी खणातून वही काढून त्यांच्यासमोर उघडी ठेवली. लघुलिपी त्यांना वाचता येत नव्हती, तारीख आणि स्वतःचं नाव तेवढं कळलं. ते चिडतील, निदान धमकी तरी देतील, अशी माझी अटकळ होती. त्यांनी भलतंच विचारलं.

"तेव्हा टाळ्या पडल्या होत्या?"

"नोंद आहे," मी म्हणालो. समासात कंस करून लिहिलं होतं, टाळ्या, दीर्घ.

"साठ माणसं होती. वेष्टी उसनी आणली होती मी." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "ती बाई कोण? तिला हे कुठून मिळालं?"

अण्णनचं नाव जबाबात न घालण्याचं मी कबूल केलं होतं, त्यांनाच तोंडी काही न सांगण्याचं नव्हे. रेल्वे क्वार्टर्समधली मराठी मुलगी, एवढं म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले. "दोन वेण्या. व्यासपीठावर चढायच्या आधी रडत होती. मी म्हटलं होतं, समोर कोण बसलंय ते बघू नको, खरं असेल ते मोठ्यानं बोल." मग स्वतःशीच हसल्यासारखं करून म्हणाले, "बोलली."

त्यांनी कागद मागून घेतला आणि तक्रार गैरसमजातून झाली असल्यानं मागे घेत आहे असं लिहून दिलं. गैरसमज कुणाचा, यासाठी आमच्या नमुन्यात रकाना नाही. जाताना त्यांनी त्या पानाची झेरॉक्स मिळेल का विचारलं. खात्याचा कागद देता येत नाही, असं मी सांगितलं. मात्र दार लावून घेतलं आणि पूर्ण भाषण त्यांना वाचून दाखवलं, शेवटच्या नमस्कारापर्यंत. त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

वर मी अहवाल पाठवला की वाक्यामागे कोणतीही टोळी नाही, मजकूर या भागात पूर्वापार प्रचलित आहे. महिन्याभरानं बाईंचा कायम झाल्याचा आदेश निघाला. अण्णन काही पक्षातून बाहेर पडले नाहीत. पुढच्या फ्लेक्सवरही ते कोपऱ्यात होतेच, तेवढेच लहान. पण त्यानंतर कुणाच्या बोलण्याबद्दल ते माझ्या ठाण्यात तक्रार घेऊन आले नाहीत, आणि मोटारसायकलवाल्यांनाही येऊ दिलं नाही.

त्या प्रकरणानं मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर एवढंच सांगेन. गुन्हा ऐकू यावा म्हणून खात्यानं मला सभांना बसवलं. गुन्हा क्वचितच ऐकू आला. बहुतेक वेळा माणसं पुढे खड्डा आहे एवढंच सांगत होती, आणि खड्डा होता. सत्ता आली की माणूस इतरांची वाक्यं विसरतो हे मला माहीत होतं. स्वतःचीही विसरतो, आणि ती सांभाळायला गणिताची एखादी शिक्षिका नाहीतर एखादा पोलीस लागतो, हे तेव्हा कळलं.

त्या वसाहतीचं पट्टिमन्रम अजून दरवर्षी होतं. निवृत्तीनंतर मी जातो, शेवटच्या रांगेत बसतो. बाई अजूनही टंबलरमधून चिठ्ठी काढतात आणि जी बाजू येईल ती लढवतात. नोकरीत असताना मला टाळ्या फक्त कंसात लिहायची परवानगी होती. आता वाजवतो.