सात पाण्यांनी धुतलेले हात

जनावराला हात लावायचा तर ते आधी उलटा हात लावत. बोटांची मागची बाजू, हलकेच. मग तळवा. "तळव्याचं काय खरं न्हाई," असं ते म्हणत. "काम करून करून जाड झालेला असतो. ताप उलट्या हातालाच कळतो."

लोक त्यांना सलोत्री म्हणत, म्हणजे जनावरांचे डॉक्टर. खरं तर ते डॉक्टर नव्हते. तरुणपणी निजामाच्या रिसाल्यात, घोड्यांच्या तबेल्यात, एका खऱ्या सलोत्र्याच्या हाताखाली होते. तिथून परत येताना औषधांची एक पत्र्याची पेटी आणि हा उलटा हात एवढंच घेऊन आले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते लिहायचा मला हक्क आहे असं वाटत नाही. का, ते पुढे येईल.

झरीच्या बाजाराच्या टोकाला एका खोलीत ते एकटे राहत. बायको वारलेली, मुलगी हैदराबादेत दिलेली. आमची वस्ती तिथून ओढ्यापलीकडे. आम्ही मेंढरंवाले. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून ते मला 'बाबू' म्हणत. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मला कधी ठरवता आलं नाही. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. ती हाक मारतात तेव्हा आपण नीट उभे राहतो.

ते निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष, चहूकडे गडबड होती. कॉलेज बंद पडल्यासारखंच होतं आणि मी घरी येऊन राहिलो होतो. आषाढात आमची वाघी व्याली. वाघी ही मेंढरांवरची कुत्री. ती असली की वडील निवांत झोपत. आदल्या हिवाळ्यात ती पाय मोडून पडली होती, तेवढ्यात लांडग्याने बरीच कोकरं नेली. त्यामुळे वाघी म्हणजे आमच्या घरात काय होतं, हे वेगळं सांगायला नको.

तिला सहा पिल्लं झाली. आठव्या दिवशी मागचं एक थान दगडासारखं कडक झालं. ती खाईना, पिल्लं लुचू लागली की गुरगुरून उठायची. मेंढीला असं झालं की आम्ही दगडी म्हणतो, बाईला झालं की थानेला. कुत्रीलाही होतं हे मला माहीत नव्हतं. मी जाऊन त्यांना बोलावून आणलं.

ते आले आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर नुसते बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिने मान पुढे करून त्यांचा हात हुंगला. मग त्यांनी तो उलटा हात थानाला लावला. हळूच पिळलं तर दुधाऐवजी पिवळट, रक्ताळ पाणी आलं. त्यांनी सांगितलं की मिठाच्या गरम पाण्याने दिवसातून तीनदा शेकायचं, आतली घाण पिळून काढायची आणि पिल्लांना त्या थानाला लागू द्यायचं नाही. बाकीची थानं त्यांना मोकळी. "धनगराच्या घरात मी आजून काय शिकवू?" असं म्हणून ते हसले.

मग त्यांनी हात धुतले. कुत्र्याची लाळ लागलेला हात त्यांच्या रिवाजात सात पाण्यांनी धुवायचा होता, त्यातलं एक पाणी मातीचं. मी तांब्याने पाणी घालत होतो. आमच्या भिंतीच्या पायथ्याची माती त्यांनी बोटांनी खरवडून घेतली.

आई म्हणाली, "भाई, असं खरवडलं तर भिंत पडंल आमची."

"पडली तर बांधून देतो, भाभी. माती हातातच हाय."

दुसऱ्या दिवशी आई खुरपायला गेली होती, वडील मेंढरांमागे. पिल्लं पुन्हा पुन्हा त्याच थानाकडे जात होती. मी दोन-तीनदा ओढून बाजूला केली. मग मी आमच्या घरात करतात तेच केलं. करडू दुधावरून तोडायचं असलं की शेळीच्या सडांना शेण लावतात. वासाने करडू तोंड लावत नाही. मी शेण आणलं आणि वाघीच्या थानाला लावलं. थानाला चिरा पडल्या होत्या, त्यातही ते गेलं. काम झालं म्हणून मी पुस्तक घेऊन बसलो.

वाघीने ते चाटून काढलं. कितीदा, ते मी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा दोन पिल्लं मेलेली होती. थान जांभळं-काळं पडलं होतं. त्यांनी उलटा हात लावला आणि तो तिथेच थांबला.

"गार हाय," ते म्हणाले.

गरम असण्यापेक्षा गार असणं वाईट, हे मला त्या वेळी कळलं. आतलं मांस मेलं होतं.

त्यांनी चिरेतला हिरवट कण नखाने काढला, हुंगला. "काय लावलं हिला?"

मी तोंड उघडलं होतं. त्याआधी आई म्हणाली, "शेण लावलं, भाई. मीच. शेळीला लावतो तसं."

शेण लावलं त्या दिवशी आई घरात नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी तो कण मातीत पुसला. मग म्हणाले, "चूक माझी हाय, भाभी. लागू देऊ नका म्हणलो, कसं ते सांगितलं न्हाई. शेळी आपल्या सडाला चाटत बसत न्हाई. कुत्री चाटती."

अशी त्या दोघांनी चूक वाटून घेतली. माझ्या वाट्याला काही राहिलं नाही.

त्यानंतर ते रोज आले. ओढ्याला पाणी असलं की चप्पल हातात घेऊन येत. कुत्रीसाठी एक जुना सदरा वेगळा ठेवला होता, तो आमच्या ओसरीच्या खुंटीवर असे. मेलेलं मांस हळूहळू सुटून पडलं. मुठीएवढी जखम झाली. ते लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने ती धूत, मग लाल दवा घातलेल्या पाण्याने. माशी बसून किडे पडू नयेत म्हणून कडेने कापूर घातलेलं तेल. वरून आईच्या जुन्या लुगड्याचा पट्टा पोटाभोवती घेऊन पाठीवर गाठ, म्हणजे तिला चाटता येऊ नये आणि पिल्लांना तोंड घालता येऊ नये. पिल्लांना कापसाच्या वातीने दूध. मी शेळीचं दूध आणलं तर म्हणाले, "पातळ पडंल, बाबू. कुत्रीचं दूध लय घट्ट. मेंढीचं आण." अजून एक पिल्लू गेलं. तीन जगली.

आणि रोज सात पाणी. ते हात पुढे करून उभे, मी तांब्या घेऊन. पहिलं पाणी घालताना मी ठरवायचो की सातव्याला सांगू. मातीचं झालं की पुढची पाणी भराभर संपायची. ते हात झटकून सदरा खुंटीला लावायचे आणि नमाजाची वेळ झाली म्हणून निघायचे. मी परीक्षेत मोठमोठे निबंध लिहिलेले होते. हे एक वाक्य होतं.

श्रावण संपताना जखम भरली. त्यांनी वाघीच्या पोटावरून उलटा हात फिरवला, मग तळवा, आणि पट्टा सोडला. तिने त्यांचं मनगट चाटलं. ते म्हणाले, "झालं, आता हिचं हिला करू दे."

मी पाणी घालू लागलो. सहाव्या पाण्याला ते माझ्याकडे न बघताच बोलले.

"बाबू, काय सांगायचं असंल तर सांग. तांब्यातलं पाणी संपायलंय."

"काही नाही, चाचा," मी म्हणालो.

"बरं." त्यांनी सातवं पाणी घेतलं.

भादव्यात निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत गावोगाव त्यांच्या लोकांचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मला ते लिहिता येत नाही. आठ-दहा दिवस आम्ही वस्ती सोडून कुठे गेलो नाही. मग एका सकाळी मी वाघीला बरोबर घेऊन झरीला गेलो. सांगायचं वाक्य वाटेत चार वेळा म्हणून पाहिलं.

खोलीला कडी नव्हती. आत चूल आणि एक उपडा तांब्या. पेटी नव्हती. शेजारचा एक जण म्हणाला, पूर्णेच्या स्टेशनात गाडीची वाट बघत बसलेले कुणीतरी पाहिले, मुलीकडे गेले असतील. दुसरा म्हणाला, ते दुसरं कुणी असेल. तिसऱ्याने मला तिथून जायला सांगितलं. वाघी उंबरा हुंगत राहिली. मला रडू आलं नाही, रागही आला नाही. ऊन लागत होतं, तेवढं कळत होतं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने ती भाकरी तव्यावर टाकली, पुढचा गोळा घेतला.

दिवाळीच्या तोंडावर तिने घर सारवायला काढलं. मी ओसरीवर होतो. शेणामातीचा हात भिंतीवरून खाली येत होता. पायथ्याशी, जिथून ते रोज माती खरवडून घेत, तिथे चार बोटं जातील एवढा खड्डा पडला होता. तिचा हात तिथे आला, थांबला, आणि खड्ड्याच्या कडेकडेने पुढे गेला.