उपवासाचं मीठ

बायकोच्या जेवणात मी स्वतःच मीठ घालत होतो आणि चोरून लोणचं खाते म्हणून तिच्यावरच ओरडत होतो.

हाटकेशला राहायला आलो त्याच सुमारास तिचं ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टर म्हणाले, मीठ अगदी कमी करा. मी ते बंदच केलं आणि सैंधव आणलं. आमच्याकडे एकादशीला मीठ चालत नाही, सैंधव चालतं. लहानपणापासून हेच पाहिलेलं, त्यामुळे सैंधव म्हणजेही मीठच, हे कधी डोक्यात आलं नाही. वाणीसुद्धा म्हणाला, "भाभी को यही खिलाओ, व्रत का है. इससे क्या होगा!"

ते गुलाबी खडे मी खलबत्त्यात कुटायचो. जिभेला सौम्य लागतं, म्हणून आमटीत चिमूट जरा मोठीच पडायची.

प्रेशर उतरेना. पायांवर सूज आली. बोटानं दाबलं की खळगा तसाच राही.

"खरं सांग, लोणचं खाल्लंस ना?"

"अहो, बरणीला हात लावला नाही मी. हवं तर कुलूप घाला."

मी बरणी शेजाऱ्यांना देऊन टाकली.

"पापड राहिलेत. तेही वाटा," ती म्हणाली. "मग मलाही देऊन टाका कुणाला तरी."

पुढे किडनीचं दुखणं निघालं. नव्या डॉक्टरांनी जेवणाचं विचारलं, तेव्हा मी ताठ मानेनं सांगितलं, "मीठ अजिबात नाही. फक्त सैंधव."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, सैंधव मीठच आहे. रंग वेगळा, सोडियम तेच. ते अंगात पाणी धरून ठेवतं, प्रेशर वाढवतं आणि वाढलेलं प्रेशर किडनी खातं."

बायको खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी येऊन मी उरलेले खडे मोरीत नळाखाली धरले. लवकर विरघळेनात. त्यानं काही होणारही नव्हतं. गेलेली किडनी परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. डायलिसिस सुरू झालं. जाता-येता रिक्षात तिची पिशवी मी मांडीवर घ्यायचो. एवढं झालं, पण तिनं मला एक टोमणासुद्धा मारला नाही. पूर्वी हक्कानं मारायची.

एकदा मशीन चालू असताना ती डोळे मिटून पडली होती.

"जागी आहेस?"

"हं."

"तू लोणचं खात नव्हतीस. मीठ मीच घालत होतो आणि चोर तुला ठरवलं. माझं चुकलं गं. मला माफ कर."